मडकं फोडल्याच्या खुणा

लोक मुलीच्या लग्नासाठी सोनं साठवतात, आमच्या घरात दगड साठत होते. फुलपाड्यात आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि हॉलला लागून गॅलरी. मुंबईच्या एका कचेरीत जन्म काढून निवृत्त झाल्यावर या गॅलरीत आरामखुर्ची टाकून पेपर वाचायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पण मुलगी भूगर्भशास्त्र शिकायला लागली आणि खुर्ची आधी कोपऱ्यात गेली, मग भंगारवाल्याकडे गेली. तिच्या जागी लाकडी फळ्या आल्या आणि फळ्यांवर दगड बसले. प्रत्येक दगडावर कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात नंबर. मी म्हणायचो, "बाई गं, एक दिवस ही गॅलरी तुझ्या दगडांसकट खालच्या मजल्यावर जाईल." ती म्हणायची, "जाऊ दे ना बाबा, थर कसे पडतात ते तुम्हाला समोर दाखवता येईल."

ती आमची एकुलती एक. तिला जाऊन आता वर्ष होईल. ती गेली त्यानंतरच्या एका दगडाची ही हकीकत आहे. सांगताना मध्ये माझा आवाज चढला तर समजून घ्या, मला शांतपणे दुःख करता येत नाही.

आमच्या खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. नवीन पाहुणा आला की मी मोठ्या अभिमानाने तो दाखवायचो, आणि ही मागून म्हणायची, "बाबा, तो कालचा पोर आहे." सगळा आपला सह्याद्री, तुंगारेश्वर, जीवदानी, हे लाव्हाचे डोंगर, काळ्या दगडाचे. तिच्या हिशेबात ते अगदी अलीकडचे. तिचा जीव होता तो त्यांच्यापेक्षा कितीतरी जुन्या खडकांवर. तालचीरचे खडक म्हणायची ती त्यांना, ओरिसातल्या एका गावावरून पडलेलं नाव. तसले खडक आपल्या चंद्रपूरकडेही आहेत. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी इथे बर्फ होता, आणि त्या बर्फाने जे आणून टाकलं त्याचे ते खडक.

"इथे म्हणजे कुठे?" मी विचारलं होतं.

"इथेच. आपल्या देशात. तेव्हा आपण दक्षिण ध्रुवाच्या जवळ होतो. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण, सगळे एकाला एक चिकटून."

"एकत्र कुटुंब."

"हो. मग वाटण्या झाल्या."

असं आमचं चालायचं. जेवताना तिचं ताट निवून जायचं आणि बायको ओरडायची, "आधी घास घे, बर्फ कुठे पळून जात नाही." त्यावर ती गंभीर तोंड करून म्हणायची, "आई, गेला ना पळून. तोच तर प्रश्न आहे."

एकदा मी तिच्याबरोबर चंद्रपूरला गेलो. पोर एकटी नदीच्या पात्रात फिरणार म्हणून बायकोने मला धाडलं. खरं म्हणजे माझा तिथे काडीचा उपयोग नव्हता, मी छत्री धरायला होतो. मे महिना, विदर्भातलं ऊन, इरई नदीला पाणी असं नाहीच. डोक्याला ओला पंचा बांधून मी मनातल्या मनात बायकोचा उद्धार करत होतो, आणि ही पोरगी पात्रातल्या एका लादीवर पोटावर पालथी पडून भिंगातून बघत होती. करड्या चुनखडकाची लादी, घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर एका दिशेने गेलेल्या रेघाच रेघा.

"बाबा, इकडे या. हात लावा."

मी हात लावला तर चटका बसला.

"इथे बर्फ होता," ती म्हणाली.

मी घाम पुसत तिच्याकडे बघितलं. मग आम्ही दोघंही इतके हसलो की लांबवर म्हशी धुणारा एक माणूस आमच्याकडे बघायला लागला. नंतर तिने माझं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं. बर्फ जागेवर बसून राहत नाही, हळूहळू सरकतो, आणि त्याच्या पोटात अडकलेले दगड खालच्या खडकाला खरवडत जातात. एका बाजूने बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर खरखरतं. त्यावरून बर्फ कुठून कुठे गेला ते कळतं. मला खरखर कळली, दिशा काही कळली नाही. पण तिचा चेहरा बघून मी "हां, हां" म्हटलं.

त्या लादीच्या वर हिरवट मातकट खडक होता आणि त्यात गोटे नुसते कोंबलेले. बोराएवढे, नारळाएवढे, एक तर चांगला आमच्या फ्रिजएवढा. ती म्हणाली, नदी निवडून ठेवते. मोठे दगड आधी सोडते, मग वाळू, मग गाळ. बर्फाला निवड नाही. वाटेत भेटेल ते उचलतो आणि वितळतो तिथे सगळं एकदम टाकून देतो. घर बदललं तेव्हा टेम्पोवाल्याने आमचं सामान असंच इमारतीच्या दारात ओतलं होतं, गादीवर पाटा आणि पाट्याखाली देवघर. ते मी तिला सांगितलं, तर तिने ते उदाहरण कॉलेजात पोरांना शिकवताना वापरलं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

गॅलरीत तिने जपलेला एक तुकडा होता. हिरवट मातीचे पातळ पातळ थर, आणि त्यांच्या मधोमध लिंबाएवढा एक गोटा. ती म्हणायची, हा इथे आला कसा ते सांगा. संथ पाण्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ आहे हा, तिथे एवढा गोटा वाहून येणार नाही. मग? वर पाण्यावर बर्फाचा डोंगर तरंगत होता. तो वितळला आणि त्याच्या पोटातला गोटा निसटून खाली पडला. खालचे थर दबलेत ते बघा, आणि वरचे थर त्याच्या अंगावरून कसे गेलेत. एका गोट्यावरून तिला अख्खं थंडगार तळं दिसायचं. मग बर्फ हटला, पाणी वाढलं, झाडं उगवली, झाडांचा कोळसा झाला. "आपला पंखा त्या झाडांवर फिरतो बाबा," ती म्हणायची. पंख्याच्या बिलाबद्दल मात्र तिला काही सांगायचं नसायचं.

सप्टेंबर संपता संपता तिला ताप आला. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी कोणी ना कोणी तापाने पडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले डेंग्यू. आम्ही पपईच्या पानांचा रस केला, किवी आणले, जो जे सांगेल ते केलं. मग हॉस्पिटल, मग आयसीयू, आणि मग ती गेली. सत्तावीस वर्षांची पोर, डोंगरदऱ्या तुडवणारी, एका डासाने नेली. यात कोणाची चूक नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडायला कोणीतरी मिळालं असतं.

अग्नी मी दिला. बापाने मुलीला अग्नी देणं म्हणजे काय हे ज्याने दिला त्यालाच ठाऊक, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक होऊ नये. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतात. मागून कोणीतरी एका दगडाने त्या मडक्याला भोक पाडतो, पाणी सांडत राहतं, आणि शेवटी मडकं खांद्यावरून मागे टाकून फोडायचं. ज्या दगडाने भोक पाडलं तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या दगडाच्या आसऱ्याने राहतो, असं मानतात. तो टाकायचा नाही आणि घरातही आणायचा नाही. बाहेर ठेवायचा, आणि दहाव्या दिवशी पिंडदान झालं की पाण्यात सोडायचा. मग जीव मोकळा होतो.

हे मी मानतो की नाही, असं कोणी आधी विचारलं असतं तर मी तासभर वाद घातला असता. पण आपलं पोर गेल्यावर माणूस वाद घालत नाही, सांगतील ते करतो. तिचा जीव अडकून राहू नये, नीट सुटावा, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि ते चोख करायचं असं मी ठरवलं.

इमारतीत अंगण कुठलं? जिन्यात ठेवावा तर पोरं लाथाडणार. गुरुजी म्हणाले, गॅलरी चालेल, ती बाहेरच धरायची. म्हणून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला जीवखडा कोणीतरी गॅलरीतल्या फळीवर नेऊन ठेवला, तिच्या दगडांशेजारी. मी तिकडे फिरकलो नाही. ती गॅलरी तिची होती, माझ्याच्याने तिकडे बघवत नव्हतं. विधी सगळे दहाव्याला एकत्रच करायचे होते, त्यामुळे मध्ये जायची गरजही पडली नाही.

नवव्या दिवशी माझी मोठी बहीण कामाला लागली. ताई रत्नागिरीहून आली होती. दुःख झालं की तिला घासायला काहीतरी लागतं. उद्या माणसं येतील म्हणून तिने आधी भांडी घासली, मग ओटा, मग फरश्या, आणि शेवटी ती गॅलरीत शिरली. साबणाचं पाणी केलं, काथ्याचा ब्रश घेतला आणि एकूण एक दगड आंघोळ घालावी तसा स्वच्छ केला. कागदी पट्ट्या पाण्याबरोबर वाहून गेल्या, ते पांढरं फडकंही कचऱ्यात गेलं. दहाव्याच्या सकाळी मी पिशवी भरून गॅलरीच्या दारात आलो, तर फळीवर धुतलेले दगड एका ओळीत वाळत ठेवलेले.

"जीवखडा कुठाय?" मी विचारलं.

ताईच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

"अरे, मी काय स्मशानात आले होते का? मला काय माहीत तो कसा होता? तुझ्या डोळ्यांसमोरच होता ना तो?"

माझ्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. स्मशानात माझ्या हातात काय दिलं, काय काढून घेतलं, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. खाली गाडी थांबली होती. ज्याने मडक्याला भोक पाडलं तो माझा मावसभाऊ केव्हाच पुण्याला परत गेलेला, त्याचा फोन लागेना. बायको आत पडून होती. तिला विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि तिनेही तो जीवखडा पाहिलेला नव्हताच.

मग ताईने ओळीतले दगड उचलून उचलून बघायला सुरुवात केली, मंडईत वांगी बघावीत तसे. आणि एक मुठीएवढा काळपट दगड माझ्यापुढे धरला.

"हा बघ. हाच. अरे, मडकं फोडल्याच्या खुणा आहेत याच्यावर. ढळढळीत."

मी पाहिलं. खरंच ओरखडे होते. सरळ गेलेले काही, आणि त्यांना छेदून आडवे गेलेले दुसरे. चंद्रपूरच्या नदीत मी असल्याच रेघांवरून बोट फिरवलं होतं. पण त्या सकाळी डोक्यात नदी नव्हती, बर्फ नव्हता, नुसतं ते खांद्यावरचं मडकं होतं. "हो, हाच," मी म्हणालो. जीव भांड्यात पडला.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर विधी झाले. पिंड ठेवला आणि लगेच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणाले, चांगलं झालं, काही इच्छा राहिली नव्हती तिची. सत्ताविसाव्या वर्षी इच्छा राहिली नव्हती? तिला अजून अंटार्क्टिका बघायचं होतं. पीएचडी पुरी करायची होती. आंब्याच्या दिवसांत गावी यायचं होतं. मला त्या कावळ्याचा इतका राग आला की गुरुजींनी दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही. मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मी तो दगड सोडला, आणि सांगितल्याप्रमाणे मागे न बघता परत आलो.

दिवाळी आली आणि न दिसता गेली. त्यानंतर एका रविवारी तिच्या मॅडम घरी आल्या. यांच्या हाताखाली ती पीएचडी करत होती. तिचं अर्धं राहिलेलं काम कॉलेज पुरं करणार होतं, त्यासाठी गॅलरीतले दगड न्यायला त्या आल्या होत्या, आम्हाला आधी फोन करूनच. बाई मोठ्या मायेच्या. बायकोचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या, मग गॅलरीत गेल्या. पट्ट्या गेल्यात म्हणून मी दिलगिरी व्यक्त केली, तर म्हणाल्या, "काका, मी ओळखते सगळे." आणि खरंच, एकेक हातात घेऊन त्या नवीन पट्ट्या लावत गेल्या. शेवटी त्या थांबल्या.

"एक दिसत नाही. चुनखडकाचा गोटा होता, काळपट. जूनमध्ये आणला होता तिने."

जूनमध्ये मी गावी होतो, कौलं बदलायला. मॅडमनी फोनमधला फोटो माझ्यापुढे धरला. मुठीएवढा दगड. सरळ ओरखडे, आणि त्यांना छेदून जाणारे आडवे ओरखडे.

"हे बर्फाचेच," त्या सांगायला लागल्या. "गोटा बर्फात घट्ट धरलेला असतो तेव्हा एका दिशेने घासला जातो. मग तो आतल्या आत फिरतो आणि दुसऱ्या दिशेने घासला जातो. असा सुरेख नमुना फार क्वचित मिळतो. तिने मला रात्री फोन करून..."

त्या बोलायच्या थांबल्या, कारण मी भिंत धरली होती. मग त्यांनी ओळीतला उरलेला शेवटचा दगड उचलला. काळा, कडा तुटलेला, अंगावर पांढरे बारीक ठिपके.

"आणि हा तिचा नाही, काका. हा लाव्हाचा दगड आहे. इकडचाच, तुमच्या या डोंगरातला. हा कसा आला इथे?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खाली फरशीवरच बसल्या. आणि स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ती अजून इथेच आहे?" ती म्हणाली.

तिचा चेहरा मला अजून दिसतो. कित्येक आठवड्यांनी त्या चेहऱ्यावर रंग आला होता. ती पुढे आली, मॅडमच्या हातातून तो काळा दगड घेतला आणि पदराने पुसला. मग माझ्याकडे वळली.

"जूनमध्ये तो दुसरा दगड उशाशी घेऊन झोपायची ती. मला म्हणायची, आई, हा माझा. ज्याच्यावर तिचा जीव होता तो तुम्ही बुडवलात. आणि ज्यात तिचा जीव होता तो इथे फळीवर ठेवलात."

ताईवर ओरडायचं मनात आलं, पण तिने बिचारीने पोटच्या पोरीसारखं सगळं केलं होतं. मॅडम गेल्यावर मात्र मला एक विचार आला आणि मी खुळ्यासारखा एकटाच हसलो. उद्या हजारो वर्षांनी अर्नाळ्याच्या चिखलात कोणाला तो गोटा सापडेल. बर्फाचे ओरखडे बघून तो लिहून ठेवेल, इथे हिमनदी होती. ही गोष्ट ऐकून जिला सगळ्यात जास्त हसू आलं असतं, तिलाच ती सांगता येत नव्हती. मग मला रडू आलं.

मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "दगड नसतोच हो तो, भाव असतो. ज्याला जीवखडा मानलात तोच जीवखडा. पण मूळचा हाती आलाय तर तोही पाण्यात सोडून द्या, घरात ठेवू नका." मला तेवढं पुरे होतं. पण बायकोने दगड घरात आणला होता. नुसता आणला नाही, मुलीच्या कॉटवर, तिच्या उशीवर ठेवला होता. सकाळी त्याच्यापाशी चहाचा कप ठेवायची, संध्याकाळी दिवा लागला की त्याच्याशी बोलायची. काय केलं, कोण भेटलं, भाजी काय भावाने मिळाली.

मी सुरुवातीला चालवून घेतलं, मग माझा पारा चढला. "अगं, तिला अडकवून ठेवतेयस तू. शास्त्राप्रमाणे तो दगड घरात येता कामा नये."

"शास्त्र तिचं होतं ते खरं," ती म्हणाली. "तुमचं राहू दे."

असे आमचे खटके रोज उडायला लागले. मी तिची समजूत घातली, रागावलो, ताईला फोनवर बोलायला लावलं. मला खरंच भीती वाटत होती. मुलीचा जीव अडकलाय याची वाटत होती की बायकोचं डोकं जागेवर राहणार नाही याची, ते मला नीट सांगता येणार नाही. पण तो दगड पाण्यात गेल्याशिवाय या घरात काही धड होणार नाही, असं मी धरून बसलो होतो. ती स्वयंपाकात असताना परस्पर नेऊन सोडावा, असंही एकदा मनात आलं. दगडाजवळ गेलो तर शेजारी कपातला चहा अजून वाफाळत होता. मी तसाच मागे फिरलो.

थंडी सरत आली होती. एका सकाळी मी दाढी करत होतो तर बायको मागे येऊन उभी राहिली, बाहेर जायची साडी नेसून.

"चला अर्नाळ्याला."

मी वळून बघितलं. साबण तोंडावर तसाच.

"तिला घरात बसवायचं नाही कधी," ती म्हणाली. "दोन दिवस सुट्टी मिळाली की सॅक उचलून पळायची. किती भांडलेय मी तिच्याशी त्यावरून, मुलीच्या जातीने इतकं फिरू नये म्हणून. जिवंतपणी मला कोंडता आली नाही ती. आता खोलीत घालून ठेवलीय मी तिला."

दुसऱ्या कोणी सांगून ती ऐकणार नव्हती, ते तिचं तिलाच उमगलं. आम्ही रिक्षा केली. वाटभर तिचा हात पदराखाली, नजर बाहेर. आगाशी मागे पडली, वाड्यांमधली केळी दिसायला लागली, मग बोंबील वाळत घातल्याचा वास आला.

ओहोटी होती. समोर बेटावरचा किल्ला, मधल्या चिखलात होड्या कलंडलेल्या. मी जिथे पहिला दगड सोडला होता तिथपर्यंत पाणी हटलेलं होतं. बायको म्हणाली, "आधी तो बघू." मी तिला समजावणार होतो की इतक्या भरत्या येऊन गेल्या, तो आता कुठला मिळतोय. पण तोवर साडी वर खोचून ती चिखलात उतरली आणि मीही पँट दुमडली. आम्ही दोघं म्हातारे वाकून वाकून दगड उचलत होतो, धूत होतो, ओरखडे शोधत होतो. शिंपले निघाले, विटांचे तुकडे निघाले, नांगराची गंजलेली साखळी निघाली. काठावर मासळी पसरत बसलेली एक बाई बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी तिने हाक मारली.

"काय हरवलं काय वो दादा? सोन्याचं हाय काय?"

"दगड," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली पाटी खाली ठेवली. "पानी भरनार हाय आता," एवढंच ती म्हणाली. "जपून या दोघा."

तो गोटा मिळाला नाही. पाणी चढायला लागलं तशी बायको सरळ उभी राहिली आणि पुढे चालत गेली. मी तिच्या मागोमाग. गुडघ्याच्या वर पाणी आलं तेव्हा ती थांबली.

"तुम्हीच सोडा," ती म्हणाली. "अग्नी तुम्ही दिलात."

तिने पदराखालून हात काढला आणि दगड माझ्या तळव्यावर ठेवला. दगड गरम होता. फुलपाड्यापासून इथवर, चिखलात शोधतानासुद्धा एका हाताने, तिने तो मुठीत धरून ठेवला होता. हॉस्पिटलमध्ये शेवटी मला आत बोलावलं तेव्हा मुलीचा हात गार पडलेला होता. त्याला ऊब यावी म्हणून मी तो चोळत बसलो होतो, नर्सने येऊन थांबवेपर्यंत. आणि आता हा माझ्या हातात गरम होता, ताप उतरल्यावर पोराचं अंग असतं तसा. सोडायचा सोडायचा म्हणून इतके दिवस मीच घर डोक्यावर घेतलं होतं. आता मला मूठ उघडता येईना. मी तो छातीशी धरला आणि लोकांदेखत हुंदके देऊन रडायला लागलो.

बायको रडत नव्हती. तिने माझ्या मनगटाला धरलं.

"अहो, सोडा."

"थांब जरा. थोडा वेळ थांब."

"नाही," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत सोडा."

मी हात पाण्याखाली नेला आणि मूठ उघडली.